तोतरेपणाकडे दुर्लक्ष करायचं का?

चार वर्षांचं मूल बोलताना अडखळायला लागलं की घरात पहिला सल्ला मिळतो: ‘लक्ष देऊ नका, आपोआप जाईल.’ तुम्हीही तो ऐकला असेल. या सल्ल्यामागे एक जुना सिद्धांत आहे, आणि स्पीच थेरपिस्ट संशोधनाचा वापर कसा करतात हे त्याच्या इतिहासातून छान कळतं.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले वेंडेल जॉन्सन स्वतः तोतरे होते. त्यांचं म्हणणं असं, की अडखळतात सगळीच लहान मुलं. मोठी माणसं त्याला ‘तोतरेपणा’ म्हणतात आणि त्या धास्तीनंच दोष जडतो. 1939 मध्ये त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्यूडर हिनं डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला. नीट बोलणाऱ्या सहा मुलांना मुद्दाम सांगितलं, की तुम्ही तोतरे होताय. मुलं बुजली, बोलेनाशी झाली. 2002 मध्ये ती आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा मुलं तोतरी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. प्रबंध ग्रंथालयातच पडून राहिला होता. सिद्धांत मात्र जगभर पसरला. प्रयोगाबद्दल विद्यापीठानं 2001 मध्ये माफी मागितली.

पुढे सिडनीत ‘लिडकम’ पद्धत आली. तिनं नेमकं उलटं केलं. मूल सलग, न अडखळता बोललं की पालकांनी कौतुक करायचं, आणि अडखळलं तर अधूनमधून हळुवारपणे तसं सांगायचंही. 2005 मध्ये न्यूझीलंडमधल्या 54 मुलांवर तिची चाचणी झाली. कुणाला कोणत्या गटात घालायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. नऊ महिन्यांनी लिडकमच्या गटात अडखळलेली अक्षरं 1.5 टक्के, दुसऱ्या गटात 3.9 टक्के. म्हणजे बोलून दाखवल्यानं नुकसान तर नाहीच, उलट फायदा.

मग प्रश्न मिटला? नाही. 2015 मध्ये नेदरलँड्समध्ये 199 मुलांवर लिडकमची तुलना दुसऱ्या पद्धतीशी झाली. त्या पद्धतीत घरातली घाई आणि मुलावरचा ताण कमी करण्यावर भर असतो. दीड वर्षानं तोतरेपणा गेलेली मुलं लिडकममध्ये 76.5 टक्के, दुसरीत 71.4. हा फरक योगायोगानंही पडू शकतो इतका लहान आहे. पण ‘काहीही करा, चालतं’ असा अर्थ काढू नका. इथे उपचाराविना ठेवलेला गटच नव्हता. त्या प्रश्नासाठी 2005 चीच चाचणी बघावी लागते.

डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये पुराव्याधारित वैद्यकाची व्याख्या मांडली: उत्तम पुरावा, उपचारकाचा अनुभव आणि रुग्णाची पसंती, तिन्ही एकत्र. थेरपिस्टच्या खोलीत त्याचा अर्थ अगदी साधा असतो. आई-बाबांना रोज सराव जमेल का? टोकलेलं मुलाला खुपतं का? त्यावरून पद्धत निवडायची, दर भेटीत अडखळणं मोजायचं आणि आकडा हलत नसेल तर पद्धत बदलायची. चाचणी सरासरी सांगते. समोरचं मूल सुधारतंय की नाही, ते मोजूनच कळतं.