सुरुंगाचा न ऐकू येणारा संकेत

लातूर जिल्ह्यातील देवणी परिसरात विहीर खोदताना मुरूम संपून काळा खडक लागला, की सुरुंग लावला जातो. स्फोटाचा आवाज होतो, जमीन हादरते. याखेरीज कमी वारंवारितेच्या विद्युतचुंबकीय लहरीही बाहेर पडतात. त्या मात्र कुणाला जाणवत नाहीत. एच. कोल्स्की यांनी याविषयीची निरीक्षणे १९५४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केली होती.

लहरी कशा निर्माण होतात?

स्फोटात तापमान हजारो अंशांवर जाते आणि तप्त वायूंतील काही अणू-रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. वायू, धूळ आणि दगडांचे तुकडे वेगाने फेकले जात असताना धन व ऋण विद्युतभार परस्परांपासून दूर होतात. हा क्षणिक विद्युतप्रवाहच लहरींचा उगम होय. खडक तडकतानाही विद्युतभार विलग होऊ शकतात. मात्र हा संकेत अत्यंत क्षीण असतो. वीजवाहिन्यांचा ५० हर्ट्झचा गोंगाट आणि आकाशातील विजांचे संकेत यांत तो सहज हरवतो. अणुस्फोटातील विद्युतचुंबकीय झोत याहून कितीतरी प्रबळ असतो.

सर्वांत आधी काय पोहोचते?

तीन किलोमीटर अंतर कापण्यास हवेतील आवाजाला सुमारे नऊ सेकंद, कठीण बसाल्टमधील कंपनलहरीला साधारण अर्धा सेकंद, तर विद्युतचुंबकीय लहरीला सेकंदाचा एक लक्षांश भाग पुरतो. त्यामुळे संकेत टिपता आल्यास स्फोटाची वेळ अचूक ठरविता येते.

भूकंपाशी संबंध

किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपानंतर या भागात जमिनीच्या प्रत्येक हादऱ्याने धास्ती निर्माण होते. निलंगा तालुक्यातील हासोरी येथे २०२२ मध्ये भूगर्भातून येणाऱ्या आवाजांनी ग्रामस्थ भयभीत झाले होते. हादरा सुरुंगाचा की भूकंपाचा, हे मुख्यतः भूकंपमापकाच्या नोंदींवरून ठरते. स्फोटात पहिला धक्का सर्व दिशांना बाहेर ढकलणारा असतो. भूकंपात तो काही दिशांना बाहेर, तर काही दिशांना आत ओढणारा असतो. स्फोट जमिनीलगत होतो, भूकंपाचे केंद्र बहुधा काही किलोमीटर खोल असते.

विद्युतचुंबकीय संकेत या तपासाला पूरक ठरू शकतो; त्यावरून भूकंपाचे खात्रीशीर भाकीत करण्याची पद्धत उपलब्ध नाही. गावपातळीवर सुरुंगाचे ठिकाण आणि वेळ नोंदवून ठेवल्यास भूकंपमापकाशी ताळा घेता येतो आणि अफवेला जागा उरत नाही.