तळटीप १४ : रिस्ट्रिक्शन एन्झाइम

१४. रिस्ट्रिक्शन एन्झाइम : डीएनएचा रेणू ठरावीक जागीच तोडणारे, जिवाणूंमध्ये आढळणारे विकर. बाहेरून शिरलेल्या विषाणूच्या डीएनएचे ते तुकडे करते व त्याच्या वाढीला आळा घालते. नाव त्यावरूनच पडले. स्वतःच्या डीएनएवरील तशा जागा जिवाणू मिथिल गट चढवून सुरक्षित ठेवतो. लेखकाने याला नुसती ‘कात्री’ म्हटल्यामुळे यातला सर्वांत विलक्षण गुण, म्हणजे जागेची अचूक निवड, झाकला जातो. पुढच्या परिच्छेदातील ‘ईको-आर-वन’ हे याच वर्गातले, ई. कोलाय जिवाणूपासून मिळवलेले विकर. जी-ए-ए-टी-टी-सी हा सहा अक्षरांचा क्रम आढळला की ते पहिल्या ‘जी’ आणि त्यापुढच्या ‘ए’च्या मध्ये घाव घालते. समोरच्या धाग्यावर हाच क्रम उलट दिशेने असल्याने तिथेही तसाच घाव बसतो आणि प्रत्येक टोकाला चार अक्षरांची एकेरी शेपटी मोकळी राहते. याच विकराने कापलेला, मग तो कोणत्याही जीवाचा असो, दुसरा तुकडा त्या शेपटीशी जुळतो. लायगेज नावाचे विकर तो सांधा पक्का करते. लेखक ज्याला ‘जनुकांची जोडणी’ म्हणतो ती हीच. स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ साली अमेरिकेत याच रीतीने जोडलेला डीएनए जिवाणूत वाढवून दाखवला. रिस्ट्रिक्शन एन्झाइमांच्या शोधाबद्दल व वापराबद्दल वेर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. — संपा.