घोंगडं कुणाचं?

भिजत घोंगडं हा शब्द आपण रोज वापरतो. पण भिजलेलं घोंगडं किती जड होतं आणि वाळायला किती वेळ घेतं, हे आता किती घरांत माहीत आहे? पुढारी मात्र अजून घोंगडी बैठका घेतात, बसायला सतरंजी असली तरी!

आपल्या कोल्हापूर भागात घोंगडं म्हटलं की मेंढरं धनगराची आणि माग सणगराचा, असं सांगतात. आम्हा बचत गटातल्या बायकांना यात एक नाव कमी दिसतं. लोकर पिंजून तिचं सूत कातलं कुणी? धनगराच्या बायकोनं, आईनं, सासूनं. हे काम मेंढरांमागं फिरता फिरता, पालावर, पोरं सांभाळून चाले. विणायच्या आधी ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. ते चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवायचं कामही बहुतेक घरातल्या बाईचंच. इतिहासात महात्मा फुल्यांच्या खांद्यावरचं घोंगडं दिसतं, कातणारीचा हात दिसत नाही.

दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलोच्या आसपास लोकर देते. म्हणजे दोन-अडीच किलोच्या घोंगड्यात चार-पाच मेंढरांची वर्षाची लोकर जाते. ही लोकर राठ असते, अंगाला टोचते, पण पावसाची भुरभुर वरच्यावर झेलते. पुढं पानिपतची स्वस्त ब्लँकेटं आली, रेनकोट आले. मेंढरू मटणासाठी पाळलं जाऊ लागलं. आज कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी ती टाकून देतात. मग कातायचं कुणी आणि कशासाठी?

दूर उत्तर ध्रुवाकडं इनुइट बायका सीलच्या कातड्याचे कपडे शिवतात. 2009 साली युरोपनं सीलच्या मालावर बंदी घातली. इनुइटांना सूट होती, तरी गिऱ्हाईकच तुटलं. कायद्यानं वाचलेली कला बाजारानं मारली. आपल्याकडं तर बंदीही नव्हती.

पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. देवाला लोकर अजून लागते. तिथं घोंगडी विकायलाही येतात. घेणार असाल तर दोन गोष्टी करा. सूत हातानं कातलेलं की गिरणीचं, ते विचारा. हातसूत कुठं जाड, कुठं बारीक असतं. आणि दुकानदाराला विचारून कडेचा एक धागा जाळून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. प्लास्टिकचा धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. हातसुताचं घोंगडं महाग पडेल. घासाघीस करण्याआधी ते किती दिवस कातलं, तेवढं विचारा, आणि कातणारीच्या हातात त्यातले किती पडले, तेही.