बॉयकॉट : आडनावाचे झालेले क्रियापद

'बॉयकॉट' या इंग्रजी क्रियापदाच्या मुळाशी एक आडनाव आहे. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनींचा कारभारी, म्हणजे कुळांकडून खंड वसूल करणारा, चार्ल्स बॉयकॉट याच्याशी 1880 मध्ये गावाने व्यवहार तोडले. मजूर शेतावर येईनात, दुकानदार माल देईनात, आणि अखेर सैन्याच्या पहाऱ्यात बाहेरची माणसे आणून पीक काढावे लागले. 'ऑस्ट्रसाइज' हा त्याचा समानार्थी म्हणवतो खरा, पण त्यामागे अथेन्समधील खापरीवर नाव कोरून दिलेले मत आणि 10 वर्षांची हद्दपारी असल्याने तो माणसापुरताच राहतो, तर 'बॉयकॉट' मालालाही लागतो आणि निवडणुकीलाही. मराठीत 'वाळीत टाकणे' हे 'ऑस्ट्रसाइज'च्या जवळचे. वंगभंगाविरुद्ध, म्हणजे बंगालच्या फाळणीविरुद्ध, 1905 मध्ये विलायती कापडावर पुकारलेला 'बहिष्कार' मात्र निखळ 'बॉयकॉट'.