डब्यातला खुराक

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी माझ्याबरोबर भाचाही येतो. मी चालतो, तो धावतो. कुस्तीत नाव काढायचे त्याच्या मनात आहे. परवा त्याच्या पिशवीत पावडरीचा मोठा डबा दिसला. ‘यात काय आहे रे?’ मी विचारले. ‘ताकद आहे, मामू. वस्तादांनी दिलाय.’

माझ्या लहानपणी तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप आणि डोळ्यांदेखत वाटलेली बदामाची थंडाई. आत काय पडले, हे पिणाऱ्याला ठाऊक असे. बंद डबा आला आणि ती खात्री गेली. वस्तादांवरचा विश्वास मात्र तसाच राहिला.

खेळाचा कायदा हा विश्वास जमेस धरत नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या आंद्रेया रादुकानचे जिम्नॅस्टिक्समधले सुवर्णपदक सर्दीच्या गोळीपायी गेले. गोळी संघाच्या डॉक्टरांनी दिली होती. त्याच सुमारास जर्मनीतील कोलोनच्या प्रयोगशाळेने अशी ६३४ पूरके तपासली. त्यांतल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली स्टेरॉइडच्या जातीची द्रव्ये निघाली. पुढे २००४ पासून ‘वाडा’ या जागतिक संस्थेची नियमावली लागू झाली. तिचे सूत्र एकच : शरीरात जे सापडेल, त्याचा जबाबदार खेळाडू.

२०११ मध्ये अश्विनी अकुंजी, मनदीप कौर आदी भारतीय धावपटूंनी प्रशिक्षकाने आणलेल्या जिनसेंगकडे बोट दाखवले. तरी क्रीडा लवादाने त्यांची एक वर्षाची बंदी दोन वर्षांची केली.

आणि आपला नरसिंग यादव! सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१६ मध्ये त्याच्या चाचणीत मेथॅन्डिएनोन सापडले. खाण्यापिण्यात कुणीतरी मुद्दाम मिसळले, असे तो म्हणाला. भारतातील ‘नाडा’ने १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवले. ‘वाडा’ लवादाकडे गेली. एवढे प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीने नव्हे, तर गोळ्या घेतल्याने येते, अशी तज्ज्ञाची साक्ष झाली. कटाचा ठोस पुरावा नव्हता. १८ ऑगस्टला, रिओतील त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी आली.

नियम कठोर आहे, पण सैल केला तर प्रत्येक जण डब्याकडे बोट दाखवून सुटेल. पूरक दूषित होते हे सिद्ध झाले, तर शिक्षा कमी होऊ शकते. मात्र पुरावा खेळाडूनेच आणायचा. विशीतल्या पोराने तो कुठून आणावा? म्हणून डबा हाती देणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही आधी शंभरदा विचार करायला हवा.

भाच्याला हे सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पण मामू, वस्तादांना विचारू कसं? त्यांना वाईट वाटेल.’

मी म्हणालो, ‘अदबीनेच विचार. म्हणावं, शिक्षा झाली तर ती माझ्या नावावर होईल. म्हणून पिण्याआधी विचारतोय.’