भिंतीतली राख

पुणे शहरात कोळशावरचं वीजकेंद्र नाही, तरी अशा केंद्रांची राख इथल्या भिंतींत भरपूर आहे. वाकड किंवा खराडीच्या एखाद्या चालू साइटवर जाऊन पाहा. गवंडी राखाडी ब्लॉक आडवा टाकतो आणि लाकूड कापावं तसा चक्क करवतीने कापतो. ब्लॉक कुठल्याही कारखान्याचा असो, तो त्याला ‘सिपोरेक्स’च म्हणतो. हे स्वीडिश नाव पुण्यात रुळलं ते बी. जी. शिर्के यांच्या मुंढव्याच्या कारखान्यामुळे.

ब्लॉकचं मूळही स्वीडनमधलंच. तिथे 1920च्या दशकात योहान एरिक्सन या वास्तुविशारदाने हलक्या काँक्रीटचं पेटंट घेतलं. कृती मजेदार आहे. सिलिका असलेली बारीक भुकटी, चुना, सिमेंट आणि पाणी यांच्या राबडीत चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड टाकायची. हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि साच्यातला लगदा फुगतो. मग तारेने वड्या पाडून त्या दाबाच्या वाफेत शिजवायच्या. भट्टीत भाजणं नाही, शेतातली माती खरवडणं नाही. भुकटी म्हणून वाळू दळून घालता येते, नाहीतर राख. आणि ती तर दळायचीही गरज नाही.

भारतीय कोळशात शेकडा 30 ते 45 राखच असते. तिच्यातली जड राख बॉयलरच्या तळाशी पडते. उरलेली, म्हणजे बरीचशी, धुराबरोबर वर निघते आणि विजेच्या भारित पट्ट्यांना चिकटून खालच्या हॉपरांत जमते. जुन्या केंद्रांत पुढचं काम सोपं होतं: पाणी मिसळा, पाइपातून बंधाऱ्यात सोडा, विसरा. माझ्या मते राखेचं नशीब इथेच ठरतं. पाणी लागलं की ती भरावापलीकडे फारशी कामाची राहत नाही. कोरडी ठेवून सायलोत भरली की तोच माल. चुन्याशी तिचं जमतं हे काही नवीन नाही. रोमन लोक ज्वालामुखीची राख चुन्यात घालत, आपले गवंडी विटांची सुरखी. रिहंद धरणाच्या काँक्रीटमध्ये वीजकेंद्राची राख 1950च्या दशकातच वापरली गेली. म्हणजे विद्या होती, निकड नव्हती.

निकड आली ती सरकारी अधिसूचनेने. केंद्र सरकारच्या 14 सप्टेंबर 1999च्या अधिसूचनेने वीजकेंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या वीटवाल्यांना मातीत निदान चौथा हिस्सा राख घालणं बंधनकारक केलं आणि वीजकेंद्रांनी ती फुकट द्यावी असं ठरवलं. 2003 साली हे अंतर 100 किलोमीटर झालं. नाशिकजवळचं एकलहरे वीजकेंद्र तरीही पुण्यापासून लांबच राहिलं. जानेवारी 2016मध्ये मर्यादा 300 किलोमीटरवर गेली आणि पुणे त्यात आलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने राखेच्या वापराचं स्वतःचं धोरण आणलं.

एवढं होऊनही बंधारे संपलेले नाहीत. जुलै 2022मध्ये नागपूरजवळचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचा गाळ शेतांत आणि नदीत गेला. पुण्यातल्या फ्लॅटवाल्याची तक्रार मात्र निराळी, भिंतीत खिळा टिकत नाही!

डिसेंबर 2021च्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनाला 1000 रुपये भरपाई लावली. त्यामुळे राख खपवण्याची घाई आता वीजकंपनीलाच आहे. पण कोरड्या, बारीक राखेवर सिमेंटवाल्यांचाही डोळा असतो, कारण पोझोलाना सिमेंटमध्ये ती शेकडा 35 पर्यंत चालते. सिमेंट कारखानदारांचे बल्कर टँकर सायलोखाली रांग लावतात. ज्याच्यासाठी मूळ नियम झाला त्या छोट्या वीटवाल्याला त्याच राखेसाठी त्यांच्याशी टक्कर घ्यावी लागते.