स्विच मोड पॉवर सप्लाय

उपकरणाला लागेल त्या दाबाची स्थिर एकदिश वीज पुरवणारे, ट्रान्झिस्टरच्या वेगवान उघडझापीवर चालणारे इलेक्ट्रॉनिक साधन. बाजारात आणि दुरुस्तीच्या दुकानांत ‘एसएमपीएस’ हेच नाव चालते. मोबाइलचा चार्जर, टीव्ही, संगणक, एलईडी बल्ब अशा बहुतेक उपकरणांच्या पोटात ते असते.

जुन्या रेषीय पुरवठ्यात जादा दाब ट्रान्झिस्टर स्वतःवर घेई आणि उष्णतेच्या रूपाने घालवी. १२ व्होल्टवरून ५ व्होल्टला १ अँपिअर प्रवाह घेतला, तर उपकरणाला ५ वॅट मिळत आणि ७ वॅट हीटसिंक तापवण्यात जात. एसएमपीएसमधला ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. चालू असताना प्रवाह वाहतो, पण ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांमधला दाब जवळजवळ शून्य असतो. बंद असताना दाब असतो, पण प्रवाह नसतो. वाया जाणारी शक्ती हा या दोहोंचा गुणाकार, म्हणून ती दोन्ही वेळा नगण्य राहते. १२ चे ५ व्होल्ट करायचे तर स्विच प्रत्येक आवर्तनात सुमारे ४२ टक्के वेळ चालू ठेवायचा. तुकड्यातुकड्यांनी आलेली वीज वेटोळे आणि कपॅसिटर सलग करतात. रेषीय पुरवठ्यात ५ भागिले १२ ही कमाल कार्यक्षमता असते, इथे तोच भागाकार फक्त स्विचची वेळ ठरवतो. या तंत्राचे मर्म त्यातच आहे.

चार्जरमध्ये घरातल्या २३० व्होल्टचे ब्रिज रेक्टिफायर आधी सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश दाबात रूपांतर करतो. मॉस्फेट जातीचा ट्रान्झिस्टर हा दाब सेकंदाला साधारण ६५ हजार वेळा किंवा त्याहून अधिक वेळा तोडतो आणि ट्रान्सफॉर्मरला देतो. लहान चार्जरांत प्रचलित असलेल्या ‘फ्लायबॅक’ रचनेत मॉस्फेट चालू असताना ऊर्जा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रात साठते आणि तो बंद होताच दुसऱ्या वेटोळ्यात उतरते. वारंवारता ५० हर्ट्‌झवरून हजारपटीहून अधिक वाढली की प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला फारच थोडी ऊर्जा हाताळावी लागते. किलोभर लोखंडाच्या जागी बोटाच्या पेराएवढे फेराइट पुरते ते यामुळे. साधे लोखंड या वेगाला भोवरी प्रवाहांनी प्रचंड तापले असते. बाहेर पडणारा दाब घसरला की ऑप्टोकप्लर प्रकाशाच्या मार्गे नियंत्रकाला कळवतो आणि तो चालू राहण्याची वेळ वाढवतो. निरोप प्रकाशाने जात असल्यामुळे घरची वीज आणि हातात येणारी तार यांत थेट जोडणी राहत नाही. स्वस्त, बनावट चार्जरमध्ये काटकसर होते ती नेमकी या विलगीकरणात, म्हणून ते जिवावर बेतू शकतात.

हे तंत्र घरोघरी पोहोचवण्यात १९७७ च्या ‘ॲपल २’ संगणकाचा वाटा आहे. त्याचा पुरवठा रॉड होल्ट यांनी रचला होता. त्याच दशकात नियंत्रणाची सारी कामे करणारी एकच चिप मिळू लागली आणि किंमत उतरली. आता गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर आणखी वेगाने उघडझाप करतात, त्यामुळे लॅपटॉपचा चार्जरही मुठीत मावतो.

बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात. शेतवस्तीवर दाब दीडशेपर्यंत उतरला की फ्रिजला स्टॅबिलायझर लागतो, मोबाइल मात्र चार्ज होत राहतो. सुमारे ७५ वॅटच्या पंख्याची जागा ३० वॅटच्या आसपास चालणारे बीएलडीसी पंखे घेत आहेत. त्यांच्या मोटरला लागणारी एकदिश वीजही याच मार्गाने येते. मोबाइल टॉवरवरचा ४८ व्होल्टचा पुरवठा आणि विजेवरच्या गाडीचा चार्जर हीही याचीच मोठी रूपे.

वेगवान उघडझापीचा दोष म्हणजे विद्युत गोंगाट. सुमार एलईडी बल्बजवळ मीडियम वेव्हचा रेडिओ खरखरतो तो यामुळेच. हा गोंगाट दाबण्यासाठी घरच्या विजेची बाजू आणि उपकरणाची बाजू यांमध्ये छोटा सुरक्षा-कपॅसिटर बसवतात. दोन पिनांच्या अडॅप्टरवर लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवताना जाणवणारी झिणझिण त्यातून झिरपणाऱ्या अत्यल्प प्रवाहाची असते. अर्थिंग मिळाले की ती थांबते.

बंद पडलेल्या एसएमपीएसमध्ये बहुधा कपॅसिटरचे डोके फुगलेले दिसते. दुरुस्ती करणारे नवा भाग बसवल्यावर आधी सिरीज बल्ब लावून वीज देतात. शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि मॉस्फेट वाचतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ टिकू शकतो, त्यामुळे रोधातून तो उतरवून मीटरने खात्री केल्याशिवाय बोर्डाला हात लावत नाहीत.